फक्त शिट्टी

ज्या कंपनीचे मी आज मनापासून आभार मानणार आहे, त्या कंपनीनं माझ्या आईला घाणेरड्या शिव्या देणारी बाई ठरवलं होतं. आभार तरीही मानायचेच आहेत. पण आधी पोटभर तक्रार केल्याशिवाय आभार मानणं आम्हा दादरच्या माणसांना जमत नाही, तेव्हा जरा धीर धरा.

आई, म्हणजे बकुळा सबनीस, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी भाजीवाला 'भेंडी ताजा आहे' म्हणाला की ती आधी भेंडीचं लिंग सुधारते आणि मगच पिशवी उघडते. तिच्या तोंडून मी ऐकलेला सगळ्यात जहाल शब्द म्हणजे 'गधडा'. तोही गणिताच्या निकालाच्या दिवशी, मला उद्देशून, आणि मग तिचं तिलाच वाईट वाटून संध्याकाळी तिनं शिरा केला होता. अशा बाईवर शिवीगाळीचा आळ आला, आणि तो घेतला बदकांनी.

बदकांचं सांगतो. माझी मुलगी ऋता इथं होती तेव्हा तिनं टीव्हीला जोडायचा एक डबा आणला आणि त्यावर 'डकी फेरी' नावाचा खेळ. त्यात चार बदकं नदीवर एक बोट चालवतात. एकानं सुकाणू धरायचं, एकानं कोळसा टाकायचा, एकानं तिकिटं फाडायची आणि एकानं धुक्यात समोर काही दिसलं की शिट्टी वाजवायची. प्रवासी म्हणजे बकऱ्या, सशांचं आख्खं वऱ्हाड आणि एक कायम आजारी पाणघोडा. बोट बुडाली तरी कुणी मरत नाही. सगळे पोहत काठाला लागतात आणि कप्तानाच्या नावानं बोटं मोडतात. इतका सभ्य अपघात मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

आमच्या घरात कामाची वाटणी आपोआप झाली. ऋता सुकाणूवर. माझी बायको सीमा बँकेत काउंटरवर बसते, म्हणून तिकिटं तिच्याकडे. घरी येऊनसुद्धा ती बकऱ्यांना 'सुट्टे द्या' म्हणायची. कोळशाला अक्कल लागत नाही, म्हणून तो माझ्याकडे. आणि शिट्टी आईकडे. धुकं आलं की ऋता नुसतं 'आजी!' म्हणून किंचाळायची, आणि आई असं काही बटण दाबायची की समोरची होडी हादरून बाजूला व्हायची. दोघींची जोडी जमली होती. जेवायला आम्ही चौघं कधी एका वेळी बसलो नसू, पण बुडायला मात्र एकत्र बुडायचो.

मग ऋता अन्नशास्त्र शिकायला आयर्लंडला गेली. गावाचं नाव कॉर्क. वरच्या मजल्यावरच्या नलूताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कॉर्क? म्हणजे बूच ना? बुचाच्या गावात पोरीला एकटी पाठवलीत?" नलूताईंचं माहेर लालबागचं. त्यांना काळजी वाटायला लागली की ती साऱ्या इमारतीला वाटावी लागते.

ऋता गेली आणि घरात फोन नावाचा एक विधी सुरू झाला. जेवलीस का? जेवले. थंडी आहे? आहे. अभ्यास? चाललाय. बरी आहेस ना? मजेत. त्यानंतर दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसायची. फोन ठेवला की आई दरवेळी तेच म्हणायची, "कॉपी केलेलं उत्तर आहे हे. मला ओळखू येतं. पोरीचं काहीतरी बिनसलंय." मी म्हणायचो, अगं ती मजेत आहे म्हणाली ना? त्यावर आई माझ्याकडे गणिताच्या निकालाच्या नजरेनं बघायची. तिला नातीच्या मनातलं हवं होतं आणि फोनवर ते येत नव्हतं. बोट बुडत असताना दोघी जे बोलायच्या, ते 'जेवलीस का' विचारून कसं निघणार?

म्हणून जेव्हा ऋतानं कळवलं, "आजी, 'डकी फेरी टू' येतोय! यात वेगवेगळ्या देशांतले लोक एकाच बोटीत बसू शकतात!" तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. शनिवार ठरला. आमचा संध्याकाळचा चहा, तिचं दुपारचं जेवण.

खेळ डब्यात उतरवून घेणं हे लग्नाचं वऱ्हाड उतरवण्याइतकं मोठं काम निघालं. टक्केवारीचा आकडा हलेना. तळमजल्यावरचे दौलतराव गमरे बघायला आले. परळच्या चाळीत वाढलेले, मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि कुठलीही गोष्ट योग्य मार्गानं वर पाठवली तर होते यावर अढळ विश्वास असलेले गृहस्थ. त्यांनी शिफारस केली, "राउटर उंचावर घ्या." घरात उंच आणि मोकळी जागा एकच, देव्हाऱ्याशेजारची. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेत आईनं चष्मा नसताना राउटरलाही हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर वेग वाढला, असं तिचं आजही म्हणणं आहे.

आणि शनिवारी तो खेळ सुरू झाला. काय सांगू! चांगल्या घरातली मुलगी वाईट संगतीला लागावी तसं झालं होतं त्याचं. बदकांची आता वाहतूक कंपनी झाली होती. सकाळी मीटिंग. भिंतीवर टार्गेट. एक चष्मा घातलेलं बदक येऊन 'गेल्या तिमाहीत आपण कमी पडलो' असं सांगायचं. हे ऐकायला मी ऑफिसात जातोच की! नदीवरचं गोड संगीत जाऊन तिथे ढोल आला होता. दर दोन मिनिटांनी बदकांना टोप्या घेण्याचा आग्रह. आईनं पहिला प्रश्न विचारला, "पाणघोडा कुठाय?"

"काढला त्यांनी, आजी," तिकडून ऋता म्हणाली.

"म्हणजे बरा झाला का?"



सगळ्यात मोठी फसवणूक वेगळीच होती. एका घरात एकच बदक! चौघांनी एका सोफ्यावर बसायचं ही खेळाची सगळी मजा, तीच त्यांनी कापून टाकली होती. बदक आईला दिलं. मी आणि सीमा प्रेक्षक झालो. कोळसा टाकायलासुद्धा आता माझी गरज राहिली नव्हती, बोट विजेवर चालत होती. माणसाला घरात किती गोष्टींवरून कमी लेखावं याला काही मर्यादा?

आणि शिट्टी. ती आता तीन बटणं एकदम दाबल्यावर वाजायची. आईचा अंगठा संधिवाताचा, तिला ते काही जमेना. म्हणून ठरलं की आईनं सुकाणू धरून समोर बघायचं आणि सांगायचं, वाजवायची ऋतानं. आईच्या अंबाड्यावर हेडफोन चढवला, तोंडापुढे माइकची काडी आली, आणि बोट निघाली.

"ऋता, शिट्टी!"

"मारते आजी!"

"मारते नव्हे, वाजवते. शिट्टी मारतात ती नाक्यावरची मुलं."

तोवर धडक झालेली असायची. ऋता गडबडली की एकदम सगळंच करायला जायची. नांगर टाकायची, दिवे लावायची, टोपी बदलायची. शेवटी आईनं वर्गातला आवाज काढला. "अगं बाकी सगळं सोड! फक्त शिट्टी! ऐकतेस ना? फक्त शिट्टी! फक्त शिट्टी!"

पडद्याच्या कोपऱ्यात एक बदक आलं. त्यानं चोचीवर पंख धरला होता. आई म्हणाली, "याला सर्दी झालेली दिसते." थोड्या वेळानं ते पुन्हा आलं, जरा मोठं होऊन. खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती, पण माझा चष्मा आत होता आणि मला वाटलं, हीसुद्धा टोपीची जाहिरात. तिसऱ्यांदा ते आलं तेव्हा त्यानं अख्खा पडदा व्यापला. बोट गेली, नदी गेली, ऋताचा आवाज गेला. सीमानं चष्मा आणून दिला आणि मी वाचलं. सबनीस कुटुंबातल्या व्यक्तीनं लहान मुलांच्या खेळात वारंवार अश्लील भाषा वापरल्यामुळे या कुटुंबाला बंदी घालण्यात येत आहे.

"कोणी वापरली?" आईनं विचारलं.

"तू," मी म्हणालो. छप्पन वर्षांच्या माणसाला आईला हे सांगायची वेळ येऊ नये.

"कुठले शब्द? दाखव."

शब्द दिले होते, पण पहिलं अक्षर आणि पुढे नुसत्या चांदण्या. आई पडद्याजवळ गेली. गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न तिनं जन्मभर काढला होता, तो असा सोडवायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली. "एफ... फिश? फूल? रमू, तुला येतंय का हे?"

रमू म्हणजे मी. मला येत होतं. मी चष्मा काढून पुसायला घेतला. सीमा दूध उतू जातंय म्हणून आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

तेवढ्यात ऋताचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. "आजी, अगं सीन काय झालाय, तिथे माणूस नाही, मशीन ऐकतं. त्याला वाटलं तू इंग्लिशमध्ये बोलतेयस. 'फक्त शिट्टी' ऐकून त्याला वाटलं..." आणि पोरीनं ते दोन्ही शब्द स्वच्छ, घंटेसारखे म्हणून दाखवले.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. स्पेलिंग विचारलं. मग म्हणाली, "पण ही तर दोन विशेषणं झाली. नाम कुठे आहे? इतकं भोंगळ वाक्य मी बोलेन?"

तिला शिवीचं दुःख नव्हतं, व्याकरणाचं होतं. ते पुढे वाढतच गेलं. 'फक्त' हा अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आलेला चांगला घरंदाज शब्द, त्याला हे काय समजतात? हे तिनं मला जेवताना, सीमाला भांडी लावताना आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला सांगितलं.

मी दाद मागायचं ठरवलं. कंपनीच्या मदतकक्षात 'क्वॅकी' नावाचं बदक बसलं होतं. मी त्याला इंग्रजीतून सविस्तर लिहिलं की माझी आई शिक्षिका आहे, अमुक शब्दाचा अर्थ 'केवळ' आणि तमुक शब्दाचा अर्थ फुंकून वाजवायची वस्तू. आता हे लिहायचं म्हणजे ते शब्द लिहिणं आलंच. क्वॅकीनं चोचीवर पंख धरला आणि मलाही ताकीद दिली. मी चिडून पुन्हा तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं. माझ्यावर बंदी. सीमा म्हणाली, तुम्हाला लोकांशी बोलताच येत नाही, मी काउंटरवर रोज असले बघते. अर्ध्या तासात तीही आमच्यात आली. मग मी शब्दकोशाच्या पानाचा फोटो पाठवला. शब्दकोशालाही ताकीद मिळाली. शेवटी एक खुलासा आला की कुटुंब एकच असल्यामुळे कॉर्कमधल्या ऋताचं बदकही बंद करण्यात आलं आहे, आणि आमच्या भावना त्यांना समजतात, क्वॅक.

हे घरातच राहिलं असतं तर ठीक होतं. पण सीमानं नलूताईंना सांगितलं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर पडला. 'सबनीस काकूंवर अश्लील भाषेबद्दल परदेशी कंपनीची कारवाई. सर्वांनी सावध राहावे.' खाली हात जोडलेले. नलूताई स्वतः धावत आल्या. "माका सांगा, काकूंना पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला का? आला तर उचलू नका. माझ्या भाचीच्या सासऱ्यांना अशीच घरबसल्या अटक झालेली!" मी समजावलं की हा खेळ आहे, बदकं आहेत. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पहिल्यांदा बदकंच दाखवतात," त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस आमच्याकडे माणसं समाचाराला येत होती. कुणी बिस्किटं आणली. सगळे आईची चौकशी करायचे आणि निघताना मला दारात गाठून हळूच विचारायचे, "पण नक्की काय म्हणाल्या हो?" लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आई आता शांत आहेत ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दौलतराव फाइल घेऊन आले. "सबनीस साहेब, तुम्ही प्रकरण तोंडी हाताळलंत, तिथेच चुकलं. आधी तोडगा सुचवतो. बाई, आपण 'फक्त' ऐवजी 'केवळ' वापरा. शासकीय मराठीत चालतं. आणि 'शिट्टी' ऐवजी 'शीळ'. केवळ शीळ! ऐकायलाही बरं."

"शीळ तोंडानं घालतात, दौलतराव," आई म्हणाली. "बोटीला तोंड असतं का? मी चुकीचा शब्द वापरणार नाही. त्यांना ऐकू नीट येत नसेल तर त्यांनी कान तपासावेत."

"योग्य आहे," दौलतराव म्हणाले. मग त्यांनी तीन पानांचं निवेदन इंग्रजीत लिहिलं, ज्यात तो शब्द एकदाही येत नव्हता. 'जलवाहतुकीत इशाऱ्यासाठी फुंकण्यात येणारे साधन' असा त्याचा उल्लेख होता. ते त्यांनी कंपनीच्या सापडतील त्या सगळ्या पत्त्यांवर पाठवलं आणि एक प्रत माहितीस्तव मला दिली.

या सगळ्यात शनिवार आला.

चहा झाला आणि आई नेहमीच्या खुर्चीत टीव्हीसमोर जाऊन बसली. टीव्ही काळा. मी म्हटलं, अगं आज खेळ नाही. ती म्हणाली, "शनिवार तर आहे ना?" सीमानं ऋताला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्टुलावर टेकवून ठेवला. ऋता समोर भाताची वाटी घेऊन बसली होती. जेवलीस का विचारायची सोय नव्हती, ती जेवतच होती. थंडीचं विचारून झालं. बदकांवर हसून झालं. त्या दिवशी तिचं हसू लवकर संपलं. नंतर कुणाकडेच काही नव्हतं. मी फोन ठेवायला हात पुढे केला, तर आईनं माझ्या हातावर चापट मारली. ती काहीच विचारत नव्हती. नुसती बसली होती, वेळ भरपूर असल्यासारखी.

बऱ्याच वेळानं ऋता भातात चमचा फिरवत म्हणाली, "आजी, मी इथे बोलतच नाही."

"म्हणजे?"

"कुणाशीच नाही. मी काही बोलले की म्हणतात, 'सॉरी?' परत बोलले की परत 'सॉरी?' मग मीच सॉरी म्हणते आणि गप्प बसते. लॅबमध्ये गप्प, किचनमध्ये गप्प. ताट घेऊन खोलीत येते. या आठवड्यात मी मोठ्यानं काय बोलले माहितेय? दुकानात थँक्यू. बस. त्याआधी त्या शनिवारी बोटीत ओरडले ना, तेवढंच." आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "मला घरी यायचंय, आजी."

सीमाचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही. माझ्या ओठांवर 'ये, आत्ता ये' होतं. आईनं माझ्याकडे न बघता वर्गात करतात तसा तळहात वर केला.

"काय विचारतेस तू त्यांना?"

"काहीपण गं. ही बाटली कुणाची, असलं."

"म्हण बघू."

ऋतानं नाक पुसत ते इंग्रजी वाक्य म्हटलं.

"स्वच्छ आहे," आई म्हणाली. "काही चूक नाही. मग मला सांग, माझं वाक्य चुकलं होतं का?"

"नाही."

"तरी मला शिवराळ ठरवलंच ना? इमारतभर झालं. लोक बिस्किटं घेऊन आले. मी बोलायची थांबले का? बाळा, त्यांच्या कानांना तुझी सवय नाही, एवढंच आहे हे. तू गप्प बसलीस तर ती व्हायची कशी? त्यांनी 'सॉरी' म्हटलं की तू सॉरी म्हणायचं नाही. तेच वाक्य परत म्हणायचं. तेच शब्द, जरा सावकाश. मागच्या बाकावरच्या मुलीला ऐकू आलं नाही तर मी काय तिची माफी मागायचे?"

ऋता रडता रडता हसली.

"आणि एवढं करूनही नाही जमलं," आईचा आवाज जरा हलला, "तर ये. घर काही कुठे पळून जात नाही. पण आधी परत म्हणून बघ."

त्या दिवशी आमचा दोनदा चहा झाला आणि तिकडे तिचा भात गार झाला. ती बोलत राहिली. घरमालकिणीच्या मांजराबद्दल, लॅबमधल्या वासाबद्दल, रविवारी किती वाईट वाटतं त्याबद्दल. मी ऐकत होतो आणि मनात त्या भिकार खेळाला हात जोडत होतो. तो चांगला निघाला असता, तर त्याही शनिवारी आम्ही बोट हाकत बसलो असतो. पोर हसली असती, 'मजेत' म्हणाली असती, आणि कधीतरी बॅग घेऊन दारात उभी राहिली असती, किंवा त्याहून वाईट, काहीच न बोलता तिथेच झुरत राहिली असती. ज्यांनी पाणघोडा काढला, टोप्या विकल्या, माझा कोळसा बंद केला आणि माझ्या आईला तोंड धुवून यायला सांगितलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. हे मी उपरोधानं म्हणत नाही.

आठवड्यात ऋताचा निरोप आला. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तिनं आजीवरच्या बंदीची गोष्ट सांगितली होती. ती 'सॉरी?' म्हणाली. ऋतानं परत सांगितली, सावकाश. तिसऱ्या खेपेला त्या मुलीला कळली आणि ती टेबलावर डोकं ठेवून हसली. मग तिनं बाकीच्यांना बोलावलं आणि ऋताला ती पुन्हा सगळ्यांसाठी सांगावी लागली. आता तिथली दोन माणसं चहात 'फक्त मिल्क' मागतात. आईला हे कळल्यावर ती खूश झाली, पण म्हणाली की 'मिल्क' का, 'दूध' शिकवायला काय झालं होतं?

बंदीही उठली. कंपनीचं पत्र आलं की मुदतीची बंदी होती, मुदत संपली. दौलतराव हे मानायला तयार नाहीत. आपल्या निवेदनावर वरच्या पातळीवर विचार झाला, अशी त्यांची खात्री आहे, आणि पत्राची प्रत त्यांच्या फाइलला लावलेली आहे. दिलगिरी म्हणून आईच्या बदकाला एक टोपी फुकट मिळाली.

पुढच्या शनिवारी आईनं हेडफोन चढवला. टोपी घातलेलं बदक बोटीत उभं राहिलं. ऋताचं बदक येईना. सीमानं फोन लावला. बराच वेळ वाजून तो उचलला गेला तेव्हा पडद्यावर ऋता नव्हतीच, नुसतं किचनचं छत होतं, भांड्यांचा आवाज आणि तीन-चार माणसांचा गलका.

"आजी, आज नाही जमणार गं! ही सगळी जेवायला आलीत, लवकरच आलीत, आणि माझं थालीपीठ करपतंय! अरे, नो नो, नॉट दॅट वन! आजी, नंतर बोलते, बाय!"

फोन बंद झाला. 'जेवलीस का' विचारायलाही वेळ दिला नाही.

आई काळ्या पडलेल्या फोनकडे बघत राहिली. मला वाटलं, दुखावली. मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं. आईनं हेडफोन काढला, अंबाडा नीट केला, डोळे पुसले.

"रमू, पेढे आण."

"कशाचे?"

"आण म्हटलं ना. दुकान बंद व्हायच्या आत."

मी आणले. आईनं देवापुढे ठेवले आणि उरलेला पुडा माझ्या हातात दिला, इमारतीत वाट म्हणून. पहिलं दार नलूताईंचं. त्यांनी पेढा उचलला आणि त्यांचे डोळे चमकले. "ऋताचं जमलं की काय?"

"नाही हो," मी म्हणालो. "ऋताला आमच्याशी बोलायला वेळ नाही."

नलूताईंचा पेढा तोंडाजवळ थांबला. "अरेरे," त्या म्हणाल्या.

"अहो, अरेरे काय," मी म्हणालो आणि पुडा पुढे केला. "घ्या, अजून एक घ्या."